दुसरं बरं

मुलीने दांडीची छोटी काच वडिलांच्या, म्हणजे फ्रेमवाल्यांच्या, डोळ्यासमोर धरली आणि बोटांत फिरवून उलटी केली.

"हे बरं, की हे?"

"दुसरं," फ्रेमवाले म्हणाले.

त्यांच्या नाकावर तपासणीची जड गोल चौकट होती. तिने त्यातली काच किंचित फिरवली आणि दांडी पुन्हा उलटसुलट केली.

"आता? हे, की हे?"

"दुसरं."

"नक्की?"

"एकदम नक्की. अक्षरं कशी खणखणीत दिसताहेत."

मुलीने ओठ आवळले. दवाखाना दुपारचा बंद होता. खोलीत अंधार करून तिने फक्त भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उजळला होता. चष्म्याचे नंबर काढणं हे तिचं रोजचं काम, आणि वर्षभरात वडिलांसाठी काढलेले दोन्ही नंबर चुकले होते. चष्मा घातला की त्यांना सगळं एका बाजूला कललेलं दिसायचं. दुसऱ्या कुणाला दिसलं असतं तर त्याने मान वाकडी करून दिवस काढले असते. पण यांचं बाजारात फोटो मढवायचं दुकान. गिऱ्हाईक फ्रेम घेऊन परत यायचं आणि म्हणायचं, फ्रेमवाले, आमचे आजोबा घसरताहेत.

"शेजारच्या काकू सांगत होत्या," मुलगी काचांच्या पेटीत शोधत म्हणाली, "तुम्ही चहाला गेलात आणि त्यांचं भिंतीवरचं घड्याळ सरळ करून आलात."

"वाकडं होतं."

"आता वाकडं झालंय. त्यांनी ते नीट केलं, तर परवा जाऊन तुम्ही पुन्हा हलवलंत."

"मग मला चहाला बोलवायचं कशाला?"

दार ढकलून काउंटरवरच्या बाई आत आल्या. हातात डबा, तोंडात शेवटचा घास. त्या या दवाखान्यात डॉक्टरांच्याही आधीपासून होत्या आणि कुणाचीही भीड ठेवत नसत.

"फोन केलास का गं त्या इस्पितळवाल्यांना?"

"करते. चार वाजेपर्यंत आहे वेळ."

"काका, तुम्ही तरी सांगा हिला. दुप्पट पगार, वर राहायला घर, आणि ही म्हणते नको. माझ्या मुलाला कुणी असं बोलावलं असतं तर मीच त्याची बॅग भरून त्याला गाडीत कोंबला असता."

फ्रेमवाल्यांनी चौकटीतून बाईंकडे पाहिलं. एका डोळ्यावर काळी झाकणी होती.

"दुप्पट? मला म्हणाली, जरा जास्त आहे."

"जरा!" बाई म्हणाल्या.

"बाबा, हलू नका, चौकट सरकते."

"अगं पण ते खाणीपाशी वसलेलं गाव. तीन गाड्या बदलून जायचं. इतक्या आडबाजूला इतका पगार? कुठेतरी पाणी मुरतंय."

"काही मुरत नाही. तिथे कुणी जातच नाही, म्हणून द्यावा लागतो. इथे या रस्त्यावर नंबर काढणारे ढीगभर. मी सोडलं तर उद्या दारात रांग लागेल, तीही माझ्याहून कमी पगारात."

"आणि तुझा अनुभव? चार वर्षं झाली की."

"इथे चार वर्षं म्हणजे काल आलेली पोर. दहा झाली की बघू म्हणतात. तिथे चार वर्षं म्हणजे मी विभागाची प्रमुख."

"प्रमुख! हाताखाली किती जण?"

"कुणी नाही. विभागात मी एकटीच."

फ्रेमवाले हसले, तशी चौकट घसरून नाकाच्या शेंड्यावर आली. "म्हणजे राजाही तू आणि प्रजाही तूच. आमच्या धंद्यात असं नाही बघ. आडगावात दुकान टाकलं म्हणून मला कुणी दुप्पट देणार नाही. उपाशी मरेन."

"तेच सांगतेय मी तिला," बाई म्हणाल्या. "तिच्या धंद्यात आहे तर घ्यावं ना. नको का म्हणतेस, ते तरी कळू दे."

मुलगी पेटीतली एक काच पुसू लागली. काच स्वच्छच होती.

"यांनाच विचारलं होतं मी रविवारी जेवताना. बाबा, जाऊ की राहू? राहा म्हणाले. तोंडातला घास गिळायलाही थांबले नाहीत."

बाईंनी फ्रेमवाल्यांकडे पाहिलं, मग डब्याचं झाकण लावलं. "मग राहिलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन बाहेर गेल्या.

फ्रेमवाल्यांनी चौकट वर सरकवून घेतली.

"चालू दे तुझं," ते म्हणाले.

तिने दांडीची काच धरली. हे की हे? दुसरं. तिने आतली काच फिरवली. हे की हे? दुसरं. पुन्हा फिरवली. कुठेतरी थांबायला हवं होतं. माणूस कधी पहिलं म्हणतो, कधी दुसरं, आणि मधे कुठेतरी त्याचा नंबर सापडतो. इथे नंबर पुढे पळत होता आणि ती त्याच्या मागे. मागच्या दोन्ही वेळा ती दमून मधेच थांबली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, आई जाऊन थोडेच दिवस झालेत, यांचं लक्ष लागत नसेल.

या वेळी तिने काच डोळ्यासमोर धरली, बाजूला केली, आणि न उलटता तशीच परत धरली.

"हे बरं, की हे?"

"दुसरं."

"किती फरक आहे?"

"पुष्कळ. पहिल्यात अक्षरं मरगळल्यासारखी होती."

मुलीने दिव्याचं बटण दाबलं. खोली उजळली आणि फ्रेमवाल्यांनी उघडा डोळा बारीक केला.

"बाबा, दोन्ही वेळा एकच काच होती."

ते चौकटीआडून तिच्याकडे बघत राहिले. मग शाळेत पकडल्या गेलेल्या मुलासारखे खुर्चीत जरा खाली सरकले.

"असं फसवायचं असतं का पेशंटला?"

"तुम्ही प्रत्येक वेळी दुसरंच म्हणता. आजच नाही, मागेही. का?"

"सवय आहे."

"कसली सवय?"

"तुझ्या आईने लावलेली." त्यांनी काळी झाकणी काढून मांडीवर ठेवली. "पडद्याचं कापड असो, कप असोत, चपला असोत, दुकानात दोन वस्तू माझ्यासमोर धरायची. हे बरं की हे? नवीन नवीन मी खरं सांगायचो. मग घरी येईपर्यंत गप्प, आणि घरी आल्यावर त्याहून गप्प. एकदा तर म्हटलं, दोन्ही सारखंच दिसतंय. त्याचं तर विचारूच नकोस."

"मग?"

"मग हळूहळू लक्षात आलं, तिचं ठरलेलं असायचं. नको असलेलं आधी दाखवायची, मनातलं नंतर. मी दुसरं म्हणायला लागलो. संसार कसा सुरळीत झाला."

मुलीच्या तोंडावर हसू आलं होतं. ती स्टूल ओढून त्यांच्या समोर बसली.

"आणि आईला कळलं नाही कधी?"

"तिला काय कळायचं राहिलंय? एकदा तिने मुद्दाम मनातलं आधी दाखवलं. मी आपला म्हटलं, दुसरं. घेतल्या तिने त्या चपला. वर्षभर घातल्या. चावायच्या तिला, टाचेला पट्टी लावून घालायची. पण एका शब्दाने बोलली नाही."

"का?"

"माझा हिशेब मोडायचा नव्हता तिला." ते तक्त्याकडे बघत म्हणाले. "मला तरी कुठे कळलं होतं? पुढे कितीतरी वर्षांनी हसत हसत तिनेच सांगितलं."

मुलगी हसली, मग हसता हसता थांबली. तिच्या बोटांत दांडीची काच तशीच होती. ती तिने पेटीत ठेवली.

"बाबा, रविवारी मी काय विचारलं होतं?"

"काय म्हणजे? जाऊ की—"

ते थांबले.

बाहेर बाई खुर्च्या सरळ लावत होत्या, पायांचा करकर आवाज आत येत होता.

"तू 'राहू' नंतर म्हणालीस," फ्रेमवाले म्हणाले. "मला वाटलं, पोरीचं ठरलंय. नुसतं माझ्या तोंडून यायला हवंय."

"माझं काही ठरलं नव्हतं. मी तुमचं बघत होते. तुम्ही इतक्या पटकन म्हणालात, की मला वाटलं, घर खायला उठतंय यांना."

"उठतं ना."

ते इतक्या सहज म्हणाले की ती स्टूलवर पुढे सरकली.

"पण ते तू असतानाही उठतं," ते म्हणाले. "तू कामावरून येतेस आणि माझ्याकडे बघत जेवतेस. मी तुझ्याकडे बघत जेवतो. दोघंही पोट भरल्यासारखं दाखवतो. तुला बरं वाटावं म्हणून मी दोनदा भात घेतो, त्याने मला रात्रभर जड होतं."

"आणि मला वाटतं, तुम्हाला भूक आहे. मी मुद्दाम जास्त शिजवते. तुम्ही दोनदा घेता म्हणून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फ्रेमवाल्यांना आधी हसू आलं.

"मग आता खरं सांगा," ती म्हणाली.

"तू आधी नीट विचार. आईसारखी नको, सरळ विचार."

मुलीने हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली.

"बाबा, मी इथे राहू, की..."

पुढचा शब्द ओठांवर आला आणि तिथेच राहिला. तिने स्वतःलाच ऐकलं होतं. त्यांनीही ऐकलं. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तक्त्याकडे तोंड करून खालून दुसरी ओळ ते मोठ्याने वाचू लागले, आणि त्यातली निम्मी अक्षरं चुकीची वाचली.

"तो दिवा घालव," वाचून झाल्यावर ते म्हणाले. "आधी माझा नंबर काढ. आडगावातून तिसरा चष्मा दुरुस्त करायला कुठे येणार आहेस तू?"

तिने उठून दिवा घालवला. अंधारात ती जरा जास्त वेळ पेटीपाशी उभी राहिली. मग आली, झाकणी पुन्हा लावली, दांडीची काच धरली.

"दोन्ही सारखं दिसलं, तर सारखं म्हणायचं."

"चालतं?"

"चालतं काय, तेच हवं असतं. सारखं म्हणालात की नंबर सापडला."

"इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही," फ्रेमवाले म्हणाले.

काम लवकर झालं. ते कधी पहिलं म्हणाले, कधी दुसरं, आणि एकदा जरा चाचरत, सारखं. दुसऱ्या डोळ्याचंही तसंच. तिने झाकणी काढून त्यांना उभं केलं आणि दाराच्या चौकटीकडे बघायला सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, शेजारच्या काकूंची माफी मागायला हवी.

चार वाजायला थोडा वेळ होता. मुलीने फोन घेतला आणि ती बाहेरच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. फ्रेमवाले तिच्यामागून बाहेर आले. दवाखाना उघडला होता. भिंतीलगतच्या बाकावर डोळ्यांत थेंब घातलेली माणसं मान मागे टाकून, डोळे मिटून बसली होती. टोकाला जागा होती. ते तिथे बसले आणि त्यांनीही मान मागे टाकली.

खिडकीपाशी मुलगी बोलत होती. आधी हळू, मग पलीकडे ऐकू जाईना तशी मोठ्याने. हो, मीच. हो, येतेय मी. पुढच्या महिन्यात चालेल. घराचं तुम्ही म्हणाला होतात. पलीकडून कुणीतरी काही विचारलं असावं, कारण ती थांबली.

"राहायला एकटीच," ती म्हणाली. आणि मग, "वडील येऊन-जाऊन असतील. खोल्या दोन आहेत ना?"

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी एक डोळा किलकिला करून पाहिलं आणि चाचपडत कापसाचा बोळा फ्रेमवाल्यांच्या हातात दिला.

"पुसा, गालावर आलंय. झोंबतंय ना फार?"

"थोडं झोंबतंय."

"पहिल्यांदाच घातलेत का थेंब?"

फ्रेमवाल्यांनी कापूस डोळ्याला लावला आणि डोळे मिटूनच ठेवले.

"हो," ते म्हणाले. "मुलीने घातलेत."