वेळापत्रकाचा प्रोग्रॅम

"काका, नुसता नियम लिहू नका. का लिहिला तेही शेजारी लिहा," डिंपल मॅडम म्हणाल्या.

मॅडम माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या क्लासात मी एकटाच एक्कावन्न वर्षांचा, शाळेतला कारकून. पोरं हसायची, हसोत बापडी. आमचे नवे सचिव हितेंद्रसाहेब यांनी सांगून टाकलं होतं की जूनपासून वेळापत्रक कॉम्प्युटरवर होईल, ज्याला जमेल तो राहील. बावीस वर्षं मी ते पेन्सिलीने करत आलो होतो. म्हणून या वयात पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला निघालो.

दोन महिने डोक्याचा पार भुगा झाला. बरोबरचं चिन्ह एकदा द्यायचं की दोनदा, यातच आठवडा गेला. पण हॅशचं चिन्ह मला लगेच आवडलं. ते टाकून पुढे मराठीत काहीही लिहा, कॉम्प्युटर तिकडे बघतसुद्धा नाही. ती ओळ माणसांसाठी. उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी आलं तर त्याला कळायला हवं, असं मॅडमचं म्हणणं. मी कारकून, शेरा मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. लिहीत गेलो. कुंदाबाईंना तळमजलाच, कारण गुडघे. इंदिराबाईंना मंगळवार-शुक्रवारी शेवटचे दोन तास नकोत, कारण डायलिसिस.

इंदिराबाईंचं हे शाळेत फक्त मला माहीत होतं. त्यांची नोकरी कायम नव्हती, कळलं असतं तर तेव्हाच गेली असती. हातावरच्या खुणा दिसू नयेत म्हणून त्या भर एप्रिलच्या उन्हातही लांब बाह्यांचा ब्लाउज घालत. सासूला बघायला लवकर जातात, असं बाकीच्यांना वाटे.

वेळापत्रक चुटकीसरशी निघालं. साहेबांनी पाठ थोपटली, सगळा प्रोग्रॅम मागून घेतला. मी छाती फुगवून पाठवला. आपण काय पाठवतोय ते माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

आठवड्याने त्यांनी इंदिराबाईंना बोलावलं आणि तब्येत सांभाळा, पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणाले. मी साहेबांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. त्यांनी माझीच ओळ मला स्क्रीनवर दाखवली.

इंदिराबाई कपाट आवरत होत्या. मी सगळं कबूल केलं. त्या कधी रागावल्या नाहीत, तेव्हाही नाही.

"मी तर मनी सख्खी बहीनले बी सांगेल नई, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमलेच सांगेल व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी नोकरी मात्र राहिली.

साहेबांनी वेळापत्रक पुन्हा काढायला लावलं. मी इंदिराबाईंचं नाव काढून त्यांच्या जागी नेमलेल्या दिपमालाबाईंचं घातलं, त्या दोन दिवसांचा नियम पुसला. कुठे तरी अडेल, चूक दाखवणारी लाल अक्षरं येतील, अशी वेडी आशा होती. काही अडलं नाही. मी कागद सूचनाफळ्यावर लावला.

इंदिराबाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग दिपमालाबाईंना बाजूला घेतलं, सातवीचा धडा कुठवर आलाय ते पुस्तक उघडून दाखवलं, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीला ऐकू कमी येतं, तिला पुढे बसवत जा, असं हळूच, आणखी कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगितलं.