चिऱ्यांवरची मोटार

वेंगुर्ल्याच्या विसूशेटांच्या अंगणात पाऊल टाकलं आणि मोटार दुरुस्तीला आलेल्या मिंगेल मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. शेटांची मोटार जॅकवर उचललेली होती आणि तिच्या पोटाखाली आधाराला जांभ्याचे चिरे एकावर एक रचलेले होते.

"गाडयेखाली लावूक मी काल लोखंडी घोडे धाडललंय, ते खंय आसत?"

"ते कोठारात लावलंय, काजूच्या पोत्यांखाली. जमिनीक ओल आसा," शेट म्हणाले. "आणि चिऱ्याक काय झाला? आमचा सगळा घर चिऱ्यांरच उभा आसा. शिवाय नारळ फोडून देवाक गाराणा घातलंय. खुशाल रीग खाली."

मिंगेलला त्या गोड आवाजाचीच किळस आली. काजूच्या पोत्यांना लोखंड आणि मिंगेलच्या छातीला नारळ! त्याने जॅक उतरवून बाजूला काढला, सगळं वजन चिऱ्यांवर येऊ दिलं आणि बाजूला उभं राहूनच खांद्याने मोटारीला एक धक्का दिला. वरचा चिरा बिस्किटासारखा फुटला, मोटार धाडकन खाली बसली आणि तांबडी धूळ शेटांच्या धोतरावर उडाली.

शेटांनी लगेच हात जोडले. "बघ! तू खाली नाय होतस. देव पावलो!" आणि गड्याला हाक मारली, "दुसरे चिरे हाड रे!"

मिंगेल पचकन थुंकला. "हाडा. पण शेटानू, ह्या खेपेक आधी तुमी खाली रिगा. गाराणा घातललाच आसा."

शेटांचे हात जोडलेलेच राहिले. पाय मात्र दोन पावलं मागे सरले.