माझी घंटी, तिच्या हँडलवर

मी एक जुनी लेडीज सायकल आहे. रंग मूळचा मोरपंखी. आता तो कुठे उरला आहे ते शोधावे लागते. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्याने मन मोठे ठेवावे म्हणतात. माझे मुळीच मोठे नाही. मी एकीवर जळते, आणि आज तेच सांगणार आहे.

एकोणीस वर्षे मी श्यामलाबाईंना येरवड्यातल्या त्यांच्या बालवाडीत नेले. बास्केटमध्ये खडू, रंगीत कागद, कधी कुणा पोराची विसरलेली एकच चप्पल. गल्लीच्या तोंडाशी बाई घंटी दोनदा वाजवायच्या. ट्रिंग ट्रिंग. की आतून आरोळी, "बाई आल्या!" आरोळी बाईंसाठी असे, हे मला कळत होते. तरी त्यातली निम्मी मी घेत असे.

मग बाईंचा गुडघा कुरकुरू लागला. चढ आला की त्या उतरून मला ढकलायच्या. ते पाहून त्यांचा लेक अवधूत ती घेऊन आला. घडीची, विजेवर चालणारी, स्वस्तातली. चाके एवढीशी, जणू बाबागाडीची उसनी आणलेली. पण मूठ पिळली की चढावरही सुळकन जाते. संध्याकाळी अवधूत तिची घडी घालतो आणि चार्जिंगसाठी तिला चक्क कडेवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर नेतो! मला कुणी कधी पहिल्या पायरीवरसुद्धा चढवले नाही.

एक मात्र होते. तिचा हॉर्न चिलटासारखा. मुलांना तो ओळखूच येईना. मग एके दिवशी अवधूत पाना घेऊन आला आणि त्याने माझी घंटी काढून तिच्या हँडलवर बसवली.

"आई, हिला आता काय करायचीय घंटी?"

दुसऱ्या दिवशी माझाच आवाज फाटकातून बाहेर गेला, आणि मी भिंतीला टेकून ऐकत राहिले.

वर्षभरात माझ्या दोन्ही चाकांतली हवा गेली. सीटवर मांजर झोपू लागले. सोसायटीचे सेक्रेटरी श्रीनिवासराव, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी पाटी लावली, 'बेवारस सायकली रविवारी भंगारात जातील. ही पार्किंगची जागा आहे, वृद्धाश्रम नव्हे.' माझ्या दांडीला लाल चिठ्ठी बांधली गेली.

रविवारी भंगारवाल्या साईनाथने मला उचलून हातगाडीवर आडवे केले. ओरडायला माझ्याकडे घंटीही नव्हती. तेवढ्यात फाटकात ट्रिंग ट्रिंग! बाई तिच्यावरून भाजी घेऊन परत येत होत्या.

"अहो थांबा, ती माझी आहे!"

"पाटी आठ दिवस होती, श्यामलाताई," श्रीनिवासराव म्हणाले. "आणि विजेची आहे ना आता तुमच्याकडे? हिचा उपयोग काय?"

"बँकेने तुम्हाला निवृत्त केलं, तरी आम्ही सेक्रेटरी म्हणून ठेवलंच ना?"

साईनाथने हसू दाबत मला खाली उतरवले. बाई माझ्या हँडलवरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. मग वर तोंड करून त्यांनी हाक मारली, "अवधूत, पाना आण."

दुसऱ्या दिवशी, हवा भरून, बाई मला हाताला धरून बालवाडीकडे चालत निघाल्या. ती घरी राहिली. चढावर या वेळी त्यांनी मला ढकलले नाही; माझ्यावर रेलून त्या चालल्या.

तेव्हापासून मी बालवाडीच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली असते. मुले माझ्या सीटवर बसून मुंबईला जाऊन येतात. बाई रोज तिच्यावरूनच येतात, पण आवाज न करता. ज्याला त्या पहिल्यांदा दिसतात, तो धावत माझ्याकडे येतो. ट्रिंग ट्रिंग. "बाई आल्या!"

मित्रांनो, नवी सायकल जरूर आणा. फक्त जुनीच्या चाकांत अधूनमधून हवा भरा, आणि तिचे काही काढून नवीला लावण्याआधी एकदा तिच्याकडे नीट बघा.

मी अजून जळते का? संध्याकाळी, तिला कडेवर घेत असतील हे आठवले की, हो. सकाळी मात्र जळायची पाळी तिची.