जांभळे केस

कागदावरच्या चित्राला उजेड सोसत नाही, हे ताईंनी संग्रहालयात सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. प्रदर्शनाची मांडणी त्यांचीच. ‘कामाचा मोठा दिवा जाताना बंद करा’ ही बटणावरची पाटीही त्यांनीच चिकटवलेली. आणि दिवा चालू ठेवून गेल्या त्याही त्याच! चौकटीत बसवण्याआधी कागदाच्या कडा नीट पाहाव्यात म्हणून त्यांनी तो चित्राच्या अगदी जवळ आणला, तेवढ्यात घरून फोन आला, आणि पुढे जोडून चार सुट्ट्या होत्या.

परतल्या तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. चित्रात बंद दाराशी एक बाई केस विंचरते आणि तिचे जांभळे केस नदी होऊन दाराखालून वाहत जातात. आता नदी नव्हती, पेन्सिलीच्या फिकट रेघा होत्या. या चित्रकाराने जन्मभर पुस्तकांसाठी अशीच गूढ, प्रतीकांनी भरलेली चित्रं काढली. जगाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ताईंनी मात्र त्याच्यासाठी सात वर्षं घालवली होती.

कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंनी भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. ही शाई एकदा उडाली की उडाली. रंगांचा एकही फोटो नव्हता; फोटो काढणारा उद्या येणार होता.

“तसंच लावा,” संग्रहालयाचे साहेब म्हणाले. “हे कधी छापलेलंच नाही. जांभळं होतं हे माहीतंय कुणाला?”

“चित्रकाराच्या मुलीला.”

“त्यांनी ऐंशी ओलांडलीय. बोललात तर प्रदर्शन बंद आणि तुम्ही घरी. बघा बुवा.”

ताईंनी चित्र लावलं. स्वतःचीच शिसारी येत होती, पण लावलं.

दुपारी मुलगी आली, काठी टेकत. चाळीस वर्षं तिने ते चित्र कपाटात, कापडात गुंडाळून जपलं होतं. ती चित्रासमोर उभी राहिली. चष्मा पुसला, पुन्हा लावला. जवळ गेली, मागे सरकली.

“डॉक्टर म्हणाले होते, रंग दिसेनासे होतील म्हणून,” ती हळूच म्हणाली. “इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. बाबांनी आईचे केस काढलेत गं. तुला दिसतंय ना जांभळं?”

मागून साहेब खाकरले. “इथे उजेड मुद्दाम कमी ठेवतो, आजी.”

हो म्हटलं असतं तर ताई सुटल्या असत्या. म्हातारी घरी जाऊन डोळ्यांना दोष देत बसली असती, मरेपर्यंत. ताईंना ते सोसवेना.

“तुमचे डोळे ठीक आहेत, आजी,” त्या म्हणाल्या. “शाई उडाली. दिवा मी चालू ठेवला होता.”

म्हातारीने चष्मा काढून हातात धरला.

“डोळे गेले असते तर चाललं असतं गं,” ती म्हणाली. “चित्र तरी राहिलं असतं.”