भिंतीपासून बोटभर

शहात्तराव्या वर्षी मला एका टाय लावलेल्या विक्रेत्याने लाकूड ओळखायला शिकवलं.

"काका, हा ओक, हा अक्रोड, आणि हा साग," एकेका नमुन्यावर टिचकी मारत तो सांगत होता. मी त्याचा साग हातात घेतला आणि उलटा केला. खाली दाबून बसवलेला भुसा, वर छापील कागद, आणि त्यावर चकाकी. पन्नास वर्षं सुतारकाम केलं मी. तो भुसा रोज संध्याकाळी झाडून बाहेर टाकत आलो. आता त्याच्यावर लाकडाचा फोटो चिकटवून तोच माझ्या पायाखाली घालायला निघाले होते.

"बाबा, दिसायला कसंही असो, टिकायला हवं," मुलगा म्हणाला.

हा सगळा घाट माझ्यासाठीच होता. दोन महिन्यांपूर्वी मी घरामागच्या माझ्या कामाच्या शेडमध्ये घसरून पडलो आणि शेजारीण येईपर्यंत दोन तास तसाच पडून होतो. हाडं शाबूत राहिली, पण मुलाचा धीर सुटला. त्याने ठरवलं, माझं घर विकायचं आणि मी त्याच्याकडे कायमचं राहायला जायचं. तिथल्या माझ्या खोलीसाठीच ही फरशी. गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं, सहीचा सोमवारही ठरवला. मला विचारलं तेव्हा मी 'बघू' म्हणालो आणि मुलासुनेने ते हो धरलं. मुलगा वाईट असता तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण तो इतका जीव टाकून सगळं करत होता की मी मूग गिळून गप्प बसलो.

"वापर कसा असणार खोलीचा?" विक्रेत्याने विचारलं. "लहान मुलं, कुत्रं, की वडीलधारी?"

"वडीलधारी," सूनबाई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "ओलं झालं तर वास धरणार नाही ना? रात्रीबेरात्री... म्हणजे पुढेमागे... आणि चाकाची खुर्ची फिरवली तर चरे पडतील का?"

माझे कान अजून तिखट आहेत, हे ती विसरली असावी. मी दोन हातांच्या अंतरावरच उभा होतो, माझ्या स्वतःच्या पायांवर. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मग सगळ्यात कठीण थराचा घ्या," विक्रेता म्हणाला आणि खिशातली किल्ली नमुन्यावर कराकरा घासली. ओरखडा उठला नाही. "बघा! पंचवीस वर्षांची गॅरंटी."

"आणि माझी कोण देतंय?" मी विचारलं.

विक्रेता हसला. मुलगा हसला नाही. त्याने सागाच्या फोटोवर बोट ठेवलं आणि खोके मोजायला सांगितले.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. माझ्या खोलीत दुसऱ्या सुताराने पाय ठेवायचा नाही, पट्ट्या मीच बसवणार. मुलाने खूप का-कू केली, पण शेवटी हत्यारांची छोटी पिशवी घेऊन मी त्याच्याकडे गेलो. सूनबाई खोक्यावरच्या सूचना मोठ्याने वाचू लागली. "बाबा, यात लिहिलंय, खोके आधी दोन दिवस खोलीत ठेवायचे. आणि चारही बाजूंना भिंतीपासून बोटभर जागा सोडायची, नाहीतर फुगतं."

"लाकूड फुगतं," मी म्हणालो. "हा कागद आहे."

लाकडाला हलायला जागा लागते हे मीच उभा जन्म गिऱ्हाइकांना पटवत आलो. पण या भुशाला मी लाकडाचा मान द्यायला तयार नव्हतो. खोका फोडला आणि लगेच कामाला लागलो. पट्टीत पट्टी अशी बसवली की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही, आणि चारही कडा भिंतीला घट्ट भिडवल्या. वर भिंतीच्या कडेने पातळ पट्टी ठोकली. दार आतल्या बाजूला उघडत होतं. तेही खालून रंधून असं नेमकं केलं की फरशीवरून कागदाएवढ्या अंतराने फिरावं. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, हात अजून तोच आहे हं तुमचा." मला आनंद झाला, हे कबूल करतो. ज्या खोलीत मला राहायचं नव्हतं ती मी जीव ओतून सजवली.

पुढचे दोन आठवडे हवा दमट राहिली. त्यात सूनबाई रोज ओल्या फडक्याने ती फरशी पुसत होती, मला चकचकीत खोली मिळावी म्हणून. सहीआधी चार दिवस राहून बघा, सवय होईल, असं म्हणून गुरुवारी मला तिथे आणलं. पलंग नवा, चादर नवी, खिडकी मागच्या गॅलरीत उघडणारी आणि तिला लोखंडी गज. दर तासाला कोणीतरी दार ढकलून विचारायचं, "बाबा, बरे आहात ना?" शनिवारी दुपारी मी वैतागून दार लावून घेतलं आणि आडवा झालो.

टक् असा आवाज आला. उठून पाहतो तर दारापुढची फरशी पोटासारखी वर आलेली. दार ओढलं, हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. ते पट्ट्यांना टेकून जागच्या जागी रुतलं होतं.

"बाबा! कडी काढा!" बाहेरून मुलगा ओरडला.

"कडी काढलेली आहे. फरशी फुगलीय."

"बाजूला व्हा, मी दार तोडतो."

"खबरदार!" मी म्हणालो. "ते मी रंधलंय. भिंतीच्या कडेने फरशी बोटभर कापली की ती आपोआप खाली बसेल. माझी हत्यारं मी परत घरी नेलीत. जा, शेडमध्ये डावीकडे मोठी पेटी आहे. एक इंची पटाशी आणि लाकडी हातोडी आण. गॅलरीतून गजातून दे."

तो गेला. माझं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे जाऊन येऊन दोन तास. मी पलंगावर बसलो. पुन्हा उठलो. खोली दहा बाय बाराची. माझ्याच हाताने मी ती भिंतीपासून भिंतीपर्यंत आवळून टाकली होती. त्या दिवशी शेडमध्ये पडलो होतो तेव्हासुद्धा इतकी भीती वाटली नव्हती. तिथे निदान वर माझं छप्पर होतं.

"बाबा, घाबरू नका, मी इथेच बसलेय," दारापलीकडून सूनबाई म्हणाली. ती जमिनीवर बसली असावी, आवाज खालून येत होता.

तोंडावर मी तिला काहीही बोललो नसतो. पण मध्ये दार होतं. "सूनबाई, मला इथे कोंडल्यासारखं होतं. आजच नाही. तू त्या दुकानात चाकाच्या खुर्चीचं विचारलंस ना, तेव्हापासून."

"ऐकलंत तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या आईच्या शेवटच्या वर्षी माहेरी तिच्या खोलीत गालिचा होता, बाबा. धुऊनही वास जाईना. तिला कळायचं. कोणी खोलीत आलं की ती भिंतीकडे तोंड करायची. मला वाटलं, तुमच्यावर ती वेळ यायला नको."

"मग मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"नको म्हणालो असतो. मला माझ्या घरी राहायचंय. पडलो तर पडलो."

ती रडत होती की काय, कळलं नाही. मीही डोळे पुसले, तिथे बघायला कोणी नव्हतं.

अखेर गॅलरीतून मुलाचा हात आत आला, पटाशी आणि हातोडी घेऊन. मी गुडघ्यांवर बसलो, कडेची पट्टी उचकटली आणि भिंतीलगत कापत निघालो, बोटभर, खोलीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. आतला भुसा ओला होऊन फुलला होता. लाकूडच होतं ते, शेवटी. मी त्याला ओळखलं नाही. शेवटचा तुकडा निघाला आणि दारापुढचं पोट हळूच खाली बसलं.

दार उघडलं. समोर मुलगा घामाघूम, आणि हॉलच्या मधोमध माझी मोठी पेटी. शेजारी रंधे, करवती, शिकंजे, भिंतीवरची माझी जुनी मोजपट्टीसुद्धा.

"सगळंच घेऊन आलो, पेटीला टेम्पोवाल्याने हात लावला," तो हसत म्हणाला. "म्हटलं, सोमवारी घर रिकामं करून द्यायचंच आहे. ही गॅलरी तुमची. इथे करत बसा काय ते."

त्याने ते प्रेमानेच केलं होतं. त्याच्या शर्टाला माझ्या शेडमधला भुसा लागला होता. आता 'बघू' म्हणालो की संपलं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी पटाशी पुसली आणि पेटीत तिच्या जागी ठेवली. मग हातोडी, रंधे, मोजपट्टी. झाकण लावलं. पेटीला दोन बाजूंना दोन कड्या आहेत, मीच बसवलेल्या, कारण ती एकट्याला उचलवत नाही. मी एक कडी धरली.

"दुसरी धर. घरी न्यायचीय."

"कुठल्या घरी?" मुलगा म्हणाला.

"माझ्या. सोमवारी मी सही करणार नाही."

त्याने हात पुढे केला नाही. "बाबा, परत पडलात तर?" एवढंच म्हणाला.

मी कडी धरून तसाच वाकून उभा राहिलो. पेटी माझ्याच्याने जागची हलणार नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मग सूनबाई पुढे आली, पदर खोचला आणि दुसरी कडी धरली.