ढगळ खोपटं

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. शाळेचे गणवेश शिवते मी. एकदा तर एका मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं होतं, की तुम्ही निवडलेल्या कापडाची पिशवीसुद्धा टिकणार नाही. पण ह्यांच्याशी लग्न करून या घरात आले आणि माझी वाचाच बसली. ह्यांची पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, माझंही वय उलटलेलं, आणि घरात विशीतली लेक. ती वाईट वागली असती तर मी निभावून नेलं असतं. ती चांगली वागायची. "मावशी, तुम्ही बसा, मी करते." "मावशी, तुम्हाला पंखा चालेल ना?" पाहुण्याशी वागतात तसं. मीही मग पाहुणीसारखीच राहायचे, भाजीत मीठ कमी असलं तरी छान झालीय म्हणायचे.

पोरीला डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकात जायचं होतं. त्याची शेवटची परीक्षा जंगलात. यातलं काही न शिकलेलं एक माणूस घरून न्यायचं, त्याला हाताशी धरून जंगलात मिळेल त्या सामानाचं खोपटं उभारायचं, आणि त्या माणसाची रात्र त्यात उबेत गेली पाहिजे. दोरी, ताडपत्री, पांघरूण काही नाही. बापाला न्यायचं ठरलं होतं. पण हे बसच्या पायरीवरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. बस स्वतः हेच चालवतात, त्यामुळे डेपोत जे काही हसं झालं ते वेगळंच. तेव्हा पोरगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मावशी, तुम्हाला त्रास होणार नसेल तर याल?"

कसला त्रास, बाई? हातातला गणवेश मशीनखाली तसाच सोडून मी चप्पल शोधायला उठले. मनात एकच होतं, ही पास झाली पाहिजे. माझ्यामुळे पास झाली तर या घरात मी कुणीतरी असेन.

जंगलात गेल्यावर मात्र ती वेगळीच दिसली. वारा येणार नाही अशी जागा तिनं बघितली, एका झाडाच्या बेचक्यात लांब जाड फांदी टेकवली आणि तिचं दुसरं टोक जमिनीवर ठेवलं. मला त्या फांदीखाली आडवं केलं, बेचक्याकडे डोकं, निमुळत्या टोकाकडे पाय. मग माझ्या दोन्ही बाजूंनी काटकीनं जमिनीवर रेघा ओढल्या. "आता फांद्या तिरक्या टेकवत जायच्या. आत चूल नसते मावशी, तुमचं अंग हीच चूल. जागा जितकी कमी तितकी ऊब टिकते." एवढं सांगून ती पाचोळा गोळा करायला लांब गेली.

मी पदर खोचला आणि लागले कामाला. फांदीला फांदी लावली, आडव्या काटक्या विणल्या, वेलींनी आवळल्या. गाठी माझ्या, त्या सुटायच्या नाहीत. इतकं छान जमत होतं की मी गुणगुणायला लागले.

आता माझं काय चुकलं ते ऐका. खडूच्या रेघेवर कात्री चालवणारी बाई शिवणकाम विसरून गेली समजायचं. रेघ असते शिवणीला, कात्री चालते बाहेरून. त्यात मी गणवेशवाली. मूल वाढतं, म्हणून आम्ही जास्तच सैल बेततो. जन्मभर हात तसाच चाललेला. मी एकूण एक फांदी तिच्या रेघेबाहेर चांगली वीतभर लांब रोवली होती, आणि माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

पोरगी पाचोळ्याचा भारा घेऊन आली, आत सरपटत गेली, आणि बाहेर येऊन गुडघ्यांवर बसून राहिली. "जरा रुंद झालंय," एवढंच म्हणाली. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. उन्हं कलली होती. उजेडात एकतर खोपटं पुन्हा बांधता आलं असतं, नाहीतर पाचोळा आणता आला असता. तिनं पाचोळा निवडला. आम्ही भारेच्या भारे आणले, छपरावर हातभर जाड थर चढवला, आतही कोंबला. माझं सांत्वन करायचं म्हणून ती मध्येच म्हणाली, "गाठी मस्त मारल्यात मावशी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंधार पडायच्या आत मी आत शिरले. तिनं पाचोळ्याच्या गठ्ठ्यानं खोपट्याचं तोंड बुजवलं आणि ती बाकीच्या उमेदवारांसोबत शेकोटीकडे जायला निघाली. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "मावशी, ऊब वाटतेय ना?"

"अगं, घाम फुटलाय मला," मी म्हणाले. पण दात वाजत असले की खोटं नीट बोलता येत नाही.

मग गठ्ठा बाजूला झाला, ती आत आली, गठ्ठा परत ओढून घेतला आणि म्हणाली, "सरका." तिची पाठ माझ्या पाठीला लागली. हाडकुळी पोर, पण अंग कसं गरम. आम्ही दोघी एका घरात राहायचो आणि एकमेकींना आजवर साधा हातसुद्धा लागला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. ते तिला कळू नये म्हणून मी श्वास धरून पडले आणि तशीच झोपले.

सकाळी परीक्षक बाईंनी गठ्ठा काढला आणि आम्हा दोघींना बघून उसासा टाकला. माझे हात चाचपले, गरम होते. "माणूस उबेत आहे. पण ही ऊब खोपट्याची नाही. उमेदवारानं आत झोपायचं नाही, हे तुला काल दोनदा सांगितलं होतं."

"हो," पोरगी म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी ये."

वाटेत मला राहवेना. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग कशाला मरायला आत आलीस?"

"तुम्ही गारठला होता," ती म्हणाली, आणि पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन पुढे चालायला लागली.

घरी हे प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून वाट बघत बसले होते. काय झालं विचारायच्या आत पोरगीच म्हणाली, "नापास. माझंच माप चुकलं, बाबा."

आता मात्र माझा पारा चढला. "खोटं बोलतेय ही. माप मी बिघडवलं."

"मी तिथं थांबून बघायला हवं होतं. परीक्षा माझी होती."

"आणि फांद्या कुणी रोवल्या? तुझ्या बापानं?"

"मावशी, तुम्ही मला पुरतं बोलू तरी द्या ना. कायम मध्ये तोंड घालता."

"कायम? या घरात आल्यापासून आज पहिल्यांदा तोंड उघडलंय मी. आणि ऐकून ठेव, तुझ्या हातची भाजी अळणी असते."

"मग आधी का नाही बोललात? आम्ही एवढे दिवस तसलीच खातोय."

हे एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "अगं, भांडताय कशाला दोघी?"

"तुम्ही गप्प बसा," आम्ही दोघी एकदमच म्हणालो, आणि पुन्हा भांडायला लागलो.