चतुराचे पंख आणि तळ्याचा हिरवा

मावशीने चतुर या किड्यावर पुस्तक लिहायला अकरा वर्षं घेतली. मुखपृष्ठ भाचीला द्यायचं की नाही, हे ठरवायला घेतला एक महिना. भाचीने पदार्थविज्ञानात पदवी घेतली होती आणि चित्रकला कॉम्प्युटरवर आपली आपणच शिकली होती. मावशी शेवटी "बरं, कर" म्हणाली खरी, पण आवाज असा होता, जणू डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय.

छपाई मावशीच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे मामाच्या प्रेसमध्ये. तळ्याचा हिरवा मामाने स्वतः बनवला होता. काचेवर दोन शाया सुरीने घोटत तो बसला आणि मावशी "अजून थोडा जिवंत" म्हणत राहिली, तेव्हा कुठे तो रंग जमला.

सकाळी पहिला कागद मशीनमधून बाहेर आला. चतुर सुंदर होता, पण त्याच्या पंखांभोवती फिकट हिरवा चौकोन उमटला होता.

"स्क्रीनवर तर नव्हता रे हा," भाची म्हणाली.

"स्क्रीनवर मीसुद्धा तरुण दिसतो," मामा म्हणाला. "शास्त्रज्ञबाई, चार वाजता छपाईची शेवटची प्लेट निघणार. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर चित्र गाळायचं आणि नुसती अक्षरं छापायची. ताईने तसं सांगून ठेवलंय."

मावशी खुर्चीत बसून भिंग पुसत होती. तिने मान हलवली. "नुसती अक्षरंही वाईट दिसत नाहीत गं."

हे सांत्वन भाचीला चांगलंच झोंबलं.

प्रयोगाचा नियम तिला पाठ होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिने पंखांची सावली काढली; चौकोन तसाच. शिरा काढल्या, चौकोन तसाच. पंखांची पारदर्शकता काढली, तेव्हा मात्र चौकोन गेला. मग तिच्या लक्षात आलं. पंखातून खालचं तळं दिसावं म्हणून कॉम्प्युटर तेवढ्या भागातलं तळं निळी, लाल, पिवळी, काळी या नेहमीच्या चार शायांतून नव्याने बनवत होता आणि बाहेरचं तळं मात्र मामाच्या खास हिरव्यात राहत होतं. दोन हिरवे शेजारी आले की शिवण दिसणारच.

"सापडलं!" ती ओरडली. सगळं तळंच तिने चार शायांत नेलं आणि ऑफिसच्या प्रिंटरवर छापलं. चौकोन गायब.

मावशीने कागद हातभर लांब धरला. "चौकोन गेला, पण तळंही गेलं. या पाण्यात कोणता चतुर अंडी घालेल?"

रंग खरंच मेला होता. मामाने आपल्या शाईच्या डब्यावरचं झाकण जरा प्रेमाने बसवलं.

चार वाजायला दहा मिनिटं राहिली. भाची हात पुसायला रद्दीकडे गेली. मशीन लावताना मामा नवा कागद वाया घालवत नसे, जुन्या छापील कागदांवरच शाई चालवून बघे. वरच्या कागदावर तळ्याचा हिरवा पसरला होता आणि त्यातून कुठल्याशा जुन्या नोटिशीची काळी ओळ सरळ वाचता येत होती: 'कृपया चपला बाहेर काढाव्यात.'

ती ओळ तिने दोनदा वाचली. मग कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"मामा, तुझी शाई मुळात पारदर्शकच आहे!"

"तीस वर्षं झाली," मामा म्हणाला.

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? मला वाटलं, तुझ्या पंखांना कॉम्प्युटरचीच पारदर्शकता लागते."

पुढचं काम दहा मिनिटांचं होतं. तळं तिने पुन्हा मामाच्या हिरव्यात नेलं, फाइलमधली सगळी पारदर्शकता काढून टाकली, पंखांना फक्त हलका काळा दिला आणि ओव्हरप्रिंट लावलं, म्हणजे खालचा हिरवा कापायचा नाही, त्याच्यावरच छापायचं. स्क्रीनवर पंख आता सपाट, राखाडी दिसत होते.

मावशी मागून वाकली. "अगं, सिमेंट लावलंस की काय बिचाऱ्याला? उडेल कसा?"

"मावशी, स्क्रीनकडे बघू नकोस. कागद येऊ दे." चार वाजून गेले होते. मामाने घड्याळ पाहिलं, भाचीकडे पाहिलं आणि प्लेट काढली.

मशीन खडखडलं. पहिला कागद आला. चौकोन नव्हता. पंखांखाली तळं होतं, तेच, जिवंत. मावशी भिंग लावून वाकली. शिरा मोजत होती बहुतेक.

"पाणी दिसतंय," ती शेवटी म्हणाली आणि खात्री करायला बोट टेकवलं.

"ताई, ओलं आहे!" मामा ओरडला.

उशीर झाला होता. उजव्या पंखावर मावशीचं बोट स्वच्छ उमटलं. मामा तो कागद रद्दीत टाकायला निघाला, तर मावशीने हिरव्या बोटानेच त्याला अडवलं.

"तो तिला दे," ती म्हणाली. "आणि आतल्या पानावर 'मुखपृष्ठ' या शब्दापुढे तिचं नाव घालायचं राहिलंय, ते घाल."

"आणि शाई कोणाची, ते नको घालायला?" मामाने विचारलं.

"तुझी माझ्या बोटाला लागली आहे ना? बास की."